पाच बाय अडीच

४ मार्च

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचे कान कसे आहेत हे विचारायचं मी सोडून दिलंय, कारण तुम्ही "झकास" असंच लिहिणार. करवतीच्या मशीनसमोर चाळीस वर्षं उभं राहून तुमचे कान गेले, फोनवर बोलणं संपलं आणि आपल्याला पत्रं लिहायची सवय लागली, एवढाच काय तो त्यातला फायदा. ऑफिसात मात्र माझी टिंगल होते. रिसेप्शनवरची मुलगी तुमचं पाकीट हातात देताना दर वेळी विचारते, "आलं का प्रेमपत्र?"

आम्ही दोघं मजेत. तुमच्या जावयांना श्वास घ्यायला फुरसत नाही. शहरात रोज नवी उंच इमारत उभी राहते आणि रोज कुठलीतरी लिफ्ट अडकते. परवा एका बाईंना विसाव्या मजल्यावरून सोडवलं, तर त्या आभार मानायचं सोडून यांनाच रागावल्या.

माझंही नेहमीचंच चाललंय. इमारत अजून पायापर्यंतच आलेली असते, पण गिऱ्हाइकाला दाखवायला एक नमुना घर आधी सजवून ठेवावं लागतं. पलंग, पडदे, भिंतीवरची चित्रं, टेबलावर लाकडाची फळं. मागच्या आठवड्यात एक आजोबा बोलता बोलता सफरचंद उचलून चावले. दात शाबूत राहिले हे नशीब. "नमुना म्हणून चांगलं आहे," म्हणाले.

घराचं विचारलंत. घर छान आहे. सकाळी ऊन येतं. आम्ही अजून राहायला गेलो नाही, किरकोळ कामं राहिलीत. नळाला पाणी यायचंय, दारं बसायचीयत. होईल सगळं. तोवर पत्र ऑफिसच्याच पत्त्यावर टाकत जा, भाड्याच्या खोलीचा मालक टपाल जिन्यात फेकतो.

आणि हो, पलंगाचं माप. नव्या घरात पहिली वस्तू तुमच्या हातची असणार, असं तुम्ही चारदा लिहिलंत आणि तीनदा मी विसरले. चौथ्यांदा विसरले तर तुम्ही मला पोरगी मानणार नाही. मोठा पलंग राहू द्या, तुम्हाला इतकं ओणवं व्हायला लावायचं नाही मला. धाकट्या खोलीसाठी एक पुरे. लांबी पाच फूट, रुंदी अडीच फूट, उंची सव्वा फूट. आत्ता बसल्या जागी पट्टी लावून लिहितेय, तेव्हा खात्रीचं आहे. घाई मुळीच करू नका. सहा महिने लागले तरी चालतील. येण्याचीही घाई नको, पुढे ऊन वाढणार आहे.

तब्येतीला जपा. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची,
फूटपट्टी

\*

१८ मार्च

चि. फूटपट्टी हिला आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीसारखं आधी शेवटून वाचलं. सही सरळ असली की पोरगी ठीक आहे, मग बाकीचं सावकाश वाचतो. सही सरळ होती.

मग माप वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. पाच फूट, अडीच फूट, धाकटी खोली. अगं, मी आयुष्यभर पलंगच केलेत. माप वाचल्यावर त्यावर कोण झोपणार हे मला कुणी सांगावं लागत नाही.

मी काही विचारलेलं नाही, ध्यानात ठेव. तू सांगशील तेव्हा सांगशील. आजकाल पहिले काही महिने कुणाला बोलत नाहीत, असं शेजारचा पोस्टमन म्हणाला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, नुसता विषय काढला होता.

तू सहा महिने म्हणालीस, मी बारा दिवसांत केला. पॉलिश तेवढं साधं लावलंय, वास येऊ नये म्हणून. कडा सगळ्या गोल केल्यात, हात फिरवून पाहिलं, कुठे लाकडाचं कुसळ टोचत नाही. एका बाजूला कठडा बसवलाय, वीतभर उंचीचा. झोपेत कुणी लोळलं तर पडायला नको. कठडा दोन खुंट्यांवर आहे, मोठं झाल्यावर काढून टाकायचा. सगळा पलंग सुटा होतो, एकही खिळा नाही.

लाकूड कुठलं म्हणशील तर दुकान विकताना माझा कामाचा बाक मी दिला नव्हता. तोच कापला. उगाच पडवी अडवून बसला होता. तू त्याच्यावर बसून पाय हलवायचीस आणि मला मापं वाचून दाखवायचीस, ती जागा कठड्यात आली आहे. पटाशीचा एक खड्डा आहे तिथे, तो बुजवला नाही.

पुढच्या रविवारी, २९ तारखेला, वखारवाल्याचा टेम्पो तिकडे येतोय. तो मला आणि पलंगाला घेऊन सकाळी दहापर्यंत पोचेल. पत्ता माझ्याकडे आहे, तू घर घेतल्याचं कळवलं होतंस त्या चिठ्ठीवरचा. सातवा मजला. जावईबुवांना म्हणावं, त्या दिवशी तरी लिफ्ट चालू ठेवा.

पाणी आणि दारं होतील. तू उभ्या उभ्या कामं करू नकोस.

बाबा

\*

२२ मार्च, रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. इथे सगळं ठीक आहे. हवा बरी आहे.

एवढं लिहून मी अर्धा तास नुसती बसले होते. हे बाहेर पलीकडच्या इमारतीत कामाला गेलेत. खालच्या लाँड्रीतल्या इस्त्र्यांनी फरशी गरम झाली आहे, म्हणून खिडकीशी स्टूल घेऊन बसलेय. तुम्ही पत्र आधी शेवटून वाचता हे माहीत आहे, म्हणून शेवट मी जपून लिहीन. मधलं कसं निघेल ते निघो. उद्या सकाळी हे पत्र कुरियरने टाकते. बुधवारपर्यंत तुमच्या हातात पडायला हवं. नाही पडलं तर काय होईल हे मला डोळ्यांसमोर दिसतंय. तुम्ही सातव्या मजल्यावर उभे, हातात कठडा, आणि दार उघडणारी बाई म्हणतेय, "कोण हवंय?"

बाबा, त्या पत्त्यावर येऊ नका. ते घर आमचं नाही.

कधीच झालं नाही. मागच्या जुलैत तुमचे पैसे आणि आमचे मिळून आम्ही नोंदणीची रक्कम भरली, हे खरं. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला चिठ्ठी लिहिली, "घर घेतलं." घेतलं नव्हतं, धरून ठेवलं होतं. पण मला ते असं लिहायचं होतं. अकरा वर्षं मी दुसऱ्यांची घरं सजवतेय, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला पडदे निवडायचेत. मग बँकेनं आपला माणूस पाठवला. त्यानं घर पाहिलं आणि बिल्डर सांगतो त्यापेक्षा त्याची किंमत कमी लावली. बँक त्या कमी किमतीवरच कर्ज देणार. वरची तूट आम्ही भरायची. दीड महिन्याची मुदत होती. ह्यांनी रात्रपाळ्या धरल्या, मी सुट्टीच्या दिवशी कामं घेतली, ओळखीच्या सगळ्यांकडे तोंड वेंगाडून झालं. मुदत संपली. आठवडाभरात एका गृहस्थानं ते घर आणि शेजारचं घर, दोन्ही एकदम रोख घेतलं. राहायला नव्हे. भाड्याने द्यायला.

तुमचे पैसे बँकेत आहेत. एक दमडी कमी झालेली नाही, त्याची काळजी करू नका. कमी होतंय ते निराळंच. मागच्या वर्षी त्या पैशांत जेवढं घर आलं असतं, त्यातून यंदा एक खोली वजा झाली आहे. आम्ही दर महिन्याला बाजूला टाकतो, आणि दर महिन्याला भाव त्याहून जास्त पुढे जातो. आम्ही उधळेपणा करतो असं कुणी म्हणालं तर मला भांडायला आवडेल. कुठे उधळतो ते मलाही कळेल.

मध्ये ह्यांना त्याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला पाठवलं होतं. दुरुस्ती झाल्यावर चाचणीसाठी एखादा मजला दाबावा लागतो. ह्यांनी सात दाबला. वर जाऊन दाराकडे बघून खाली आले. घरी येऊन म्हणाले, "पायपुसणं चांगलं आहे त्यांचं." तेवढंच.

मला वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत दुसरं कुठलं तरी घर मिळेल, मग तुम्हाला सांगू की जरा बदल झाला. पण तुम्ही लिहिलंत की वखारीत सगळ्यांना चहा पाजला. दुकान विकल्यावर तुम्ही पहिल्यांदाच त्या पत्रात थट्टा केली होती. मग माझी जीभच उचलेना. एकदा "घर छान आहे" लिहिलं, मग प्रत्येक पत्रात त्या घराला काहीतरी द्यावं लागलं. ऊन दिलं. खिडकी दिली.

ते ऊन कुठलं, तेही सांगते. मी तुम्हाला पत्रं नमुना घरातून लिहिते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तिथे पंखा असतो. नळाला पाणी नाही आणि दारं नाहीत असं मी लिहिलं ना, ते अक्षरशः खरं होतं. नमुना घरातल्या नळाला पाणी नसतंच. आणि दारं आम्ही मुद्दाम लावत नाही. दारं उघडायला जागा लागते, दारं नसली की खोली मोठी दिसते.

आता पलंगाचं. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्ही त्या माणसाला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं.

नमुना घरातलं फर्निचर खोटं असतं बाबा. म्हणजे लाकूड खरं, माप खोटं. पलंग सव्वा फुटानं आखूड आणि बुटका. टेबल अरुंद. खुर्च्यांना पाठ कमी. आखूड पलंग ठेवला की त्याच्याभोवती जागा मोकळी दिसते आणि माणूस म्हणतो, केवढी मोठी खोली! त्या मापांचा तक्ता मी करते. सुतारांना मी देते. एकदा एक नवं जोडपं आलं होतं, मुलगी हौसेनं पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "अरे, इथे कपाटसुद्धा मावेल." मुलगा चांगला उंच होता. तो नुसता टेकला तरी त्याचे गुडघे छातीशी आले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याची चुणी सारखी करत राहिले.

मी सात-आठ वर्षांची असताना तुम्हाला अर्ध्या इंचानं चुकीचं माप वाचून दाखवलं होतं. तुम्ही फळी कापलीत आणि मग दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. तीच मी.

४ तारखेला मी त्या नमुना घराच्या धाकट्या खोलीत पलंगावर बसून पत्र लिहीत होते. तुमचा माप मागण्याचा चौथा तगादा समोर होता. मी खाली वाकले, पट्टी लावली, आकडे लिहिले. माझ्या मनात आलंसुद्धा नाही की हा पलंग खोटा आहे. तुम्हाला पटणार नाही, पण हेच खरं. इतकी वर्षं रोज बघून माझ्या डोळ्यांना पाच फूट म्हणजे पूर्ण पलंग वाटायला लागलाय. मी वर लिहिलंही, "खात्रीचं आहे."

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवत होते. "कठडा" हा शब्द आल्यावर ह्यांनाही कळलं तुम्ही काय समजलात. मी थांबले. हे उठले, चपला घातल्या आणि "दूध आणतो" म्हणून गेले. दूध घरात होतं. परत आले ते आणखी एक पिशवी घेऊन. मग आम्ही दोघांनी बराच वेळ दूधच तापवलं.

बाबा, तसं काही नाही. कुणी येणार नाहीये.

घर नाही हे लिहायला मला आठ महिने लागले, पण लिहिताना हात थांबला नाही. हे वाक्य मात्र तीन कागद फाडून लिहिलंय. लग्नाला सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं आम्ही एकच म्हणतोय, घर झालं की. या सहा वर्षांत चार खोल्या बदलल्या. एका मालकानं तर आधीच विचारलं होतं, "तुम्ही दोघंच ना? रडारड चालणार नाही." आम्ही हसून "दोघंच" म्हणालो आणि किल्ली घेतली. पहिली दोन वर्षं "घर झालं की" आम्ही मजेत म्हणायचो. मग काळजीनं म्हणायला लागलो. हल्ली हे म्हणतच नाहीत, आणि ते मला जास्त लागतं. जूनमध्ये मी चौतीस पूर्ण करीन. या खोलीच्या मालकानंही परवा निरोप धाडलाय, पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवा नाहीतर जागा बघा. मला झोप लागत नाही. डोळे मिटले की कुणीतरी पट्टी घेऊन खोली मोजतंय असं वाटतं, आणि दर वेळी ती जरा कमी भरते.

आणि तुम्ही बाक कापलात. मी ती ओळ वाचली तेव्हा ऑफिसात होते. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काय गं, वाईट बातमी?" मी म्हणाले, नाही, वडिलांनी पलंग केलाय. आणि तिथेच रडले, सगळ्यांसमोर. मला आधी तुमचा रागही आला. कुणी सांगितलं होतं इतकं पुढचं समजून घ्यायला! दुकान दिलंत ते दिलंत, निदान बाक तरी ठेवायचा. मग वाटलं, माप मीच दिलं. तुम्ही आयुष्यभर मापावर विश्वास ठेवलात, तो याही वेळी ठेवलात, एवढंच.

काल मी तुम्हाला थांबवणारं पत्र लिहिलं होतं. रंग चालू आहे, पुढच्या महिन्यात या, असं. पाकीट चिकटवूनही झालं होतं. ह्यांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "अजून एक खोली बांधलीस का त्या घराला?" रागावून नाही म्हणाले. मी पाकीट फाडलं.

तेव्हा आता खरं सांगते. तुमचीच जुनी लोखंडी टेप घेऊन तीनदा मोजलंय.

खोली अकरा फूट बाय नऊ फूट. तिसरा मजला, लाँड्रीच्या वर, लिफ्ट नाही. (लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट नाही, हसून घ्या.) जिना अडीच फूट रुंद, दुसऱ्या वळणावर कठड्याची एक सळई बाहेर आलीय, तिथे जपून. दार सव्वीस इंच, आतल्या बाजूला उघडतं. पलंग सुटा होतो म्हणालात, मग अडचण नाही. खिडकीखालच्या भिंतीला सहा फूट चार इंच जागा आहे. तिथे सध्या आमच्या दोन ट्रंका आहेत, त्या रविवारच्या आत हलवते. न्हाणीघर शेजारच्यांबरोबर आहे, ते सकाळी आठला मोकळं होतं. बसायला एक स्टूल आहे. खोलीचा पत्ता पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलाय, टेम्पोवाल्याला दाखवा. हे खाली रस्त्यावर उभे राहतील. तुम्हाला हाका ऐकू येणार नाहीत, म्हणून लाल टोपी घालून उभे राहणार आहेत.

तुम्ही आलात की मला रागवा. दिवसभर बोलला नाहीत तरी चालेल, पण अबोला इथे बसून धरा, तिकडे बसून नको. मग आम्ही दोघांनी खरं काय करायचं ते सांगा. लांबच्या गावात छोटं घर बघावं का, तुमच्याकडे येऊन राहावं का, की घराची वाट बघणंच सोडावं आणि ज्याची वाट बघत होतो ते आधी करावं. हे तिसरं मी अजून ह्यांच्याशी मोठ्यानं बोललेले नाही. आधी तुम्हाला लिहितेय. तसं धाडस झालं, तरी ते आपल्या हातात असतं असं नाही, हे मला कळतं. मला फार भीती वाटते बाबा. घर नाही याची आता सवय झाली आहे, पण उशीर झाला असेल याची भीती वाटते.

तोवर त्या पलंगावर मी झोपेन. माझी उंची पाच फूट एक इंच. तुम्हीच दाराच्या चौकटीवर खूण केली होती. एक इंच पाय दुमडेन.

आता शेवट, म्हणजे तुमची सुरुवात. सही सरळ यावी म्हणून कागदाखाली पट्टी धरली आहे.

पलंग नक्की आणा. कठडा काढू नका.

तुमची,
फूटपट्टी